दाभोळ ते गोवळकोट, खाडीतून बोटीने: तीन दिवस पुरतील का?

हरिपूर_घाट
नमस्कार मंडळी. कृष्णा-वारणेच्या संगमावर जन्म गेला, पण पाण्यातला अनुभव म्हणाल तर होड्यांच्या शर्यती काठावरून बघण्याइतकाच. आता साडूंनी मुंबईत एक जुनी मोटर क्रूझर घेतली आहे. २४ फुटी, छोटी केबिन, मागे १०० हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन). पाण्याखाली अडीच फूट बुडते. ट्रेलरवर घालून ते दाभोळला आणणार. आम्ही सांगलीहून कराड, पाटण, कुंभार्ली घाट करून तिकडे भेटणार.

बेत असा: वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळहून चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. हा राष्ट्रीय जलमार्ग क्र. २८, लांबी ४५ किलोमीटर. बोट ताशी ३५ ने पळते म्हणे, म्हणजे दीड तास. माघातल्या वद्य चतुर्थीला शनिवार-रविवार जोडून येतोय. सकाळी ९ ला निघू, जेवायला गोवळकोट. माणसं सहा: आम्ही दोघं, साडू-मेहुणी, माझा मुलगा (९) आणि आई (७१). मुक्काम कुठे करावा, पेट्रोल किती घ्यावं, आणि तीन दिवस जास्त होतात का?

भडंगप्रेमी
भडंग किती किलो घेताय ते आधी सांगा, मग पेट्रोलचं बघू.

मिरजमळा
मोटर क्रूझर घेऊन चिपळूणला कशाला? सांगलीच्या आयर्विन पुलाखालनं सोडा, औदुंबरला दर्शन घेऊन या.

हरिपूर_घाट
@मिरजमळा, बंधारे कोण उचलून धरणार? कृष्णेत दर थोड्या अंतरावर एक बंधारा. त्यात पाणी किती असेल हे पाटबंधारेवाल्यांना विचारून निघायचं.

अंजनवेलची_लेक
सासर तासगाव, माहेर अंजनवेल, वडील लाँचवर तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) होते. म्हणून लिहितेय, राग मानू नका.

तुमचा बेत गाडीचा आहे, बोटीचा नाही. रस्त्यावर अंतर मोजतात, खाडीत वेळ मोजतात. आणि ती वेळ तुमच्या घड्याळाची नसते. वडील पंचांग बघून हिशोब करायचे: तिथीला पाऊणने गुणा, आली भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार पाऊण तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे. त्याच्या सहा तास आधी पूर्ण ओहोटी, आमच्याकडे सुकती म्हणतात. म्हणजे तुम्ही ९ ला निघणार ते ऐन सुकतीला! दाभोळला पाणी दिसेल, पुढे खाडी अरुंद झाली की वाळूचे पट्टे उघडे पडलेले असतील. ताशी ३५ ने त्यावर गेलात तर मोटरचा पंखा तिथेच ठेवून याल.

कराडचा_मेकॅनिक
ताई, मान ठेवून सांगतो, हे पंचांग वगैरे आजोबांच्या काळातलं झालं. मोबाईलवर भरतीची वेळ मिनिटागणिक येते. बोटीला इको साउंडर लावा, जीपीएस लावा, काय टेन्शन नाही. मी तापोळ्याला शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, चिक्कार बोटी चालवल्यात.

घाटवाट
शिवसागरात भरती-ओहोटी कुठली भावा? तिथे पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि पावसाळ्यात चढतं. सहा तासांचं काम सहा महिन्यांत.

अंजनवेलची_लेक
@कराडचा_मेकॅनिक, साउंडर जरूर लावा. पण तो बोटीच्या खाली किती पाणी आहे ते सांगतो, पुढे किती आहे ते नाही. ताशी ३५ च्या वेगात ‘खाली’ आणि ‘पुढे’ यात दोन सेकंदांचा फरक राहतो.

आणि मोबाईलवरची वेळ असते ती खाडीच्या तोंडाजवळच्या बंदराची. भरती आत चढायला वेळ घेते. दाभोळला पूर्ण भरती झाली की गोवळकोटला दीड ते दोन तासांनी होते. शिवाय वर गेलं की भरती आखूड आणि ओहोटी लांब. सहा-सहा तासांची वाटणी फक्त समुद्रावर. पाऊणपट काय आणि मोबाईल काय, दोन्हींत ही दुरुस्ती माणसालाच करावी लागते.

वाईचा_गणपुले
पाऊणपट का चालतं ते सांगतो, शाळामास्तर आहे, राहवत नाही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तिथी चोवीस तासांपेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे हिशोब साधारण बसतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका ओळीत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास काटकोनात ओढतात, तो भांग. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. भांगाला दोन्ही बेताचं.

अजून एक. पाणी सारखं चढत नाही. भरतीचे बारा वाटे करा: पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं आणि पाण्याची ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त.

भडंगप्रेमी
गणपुले सर, आमच्या शाळेत असता तर आम्ही भडंगाचं दुकान टाकलं नसतं.

हरिपूर_घाट
बापरे. म्हणजे चतुर्थी बाद? मग दुपारी १२ ला निघून भरतीबरोबर वर जाऊ?

अंजनवेलची_लेक
वर जाता येईल, ३ पर्यंत पाणी चढतंच आहे. अडचण वेगळीच. वद्य चतुर्थी म्हणजे पौर्णिमेचं उधाण उतरणीला लागलेलं. रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा कमी. आता समजा पूर्ण भरतीच्या टोकाला तुम्ही वाळूवर टेकलात. पुढची भरती तितकी चढणारच नाही, त्याच्या पुढचीही नाही. बोट अमावास्येच्या उधाणापर्यंत तिथेच. आमच्या गावात एक लाँच अशी नऊ दिवस बसली होती, पोरं तिच्या सावलीत क्रिकेट खेळायची.

मेढ्याचा_नाना
🙏 नऊ दिवस म्हणजे नवरात्रच की.

घाटवाट
धाग्यावर सावित्रीचा विषय कुणी काढला नाही, सातारकर म्हणून मला वाईट वाटलं. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. बाकीच्या पूर्वेला उतरल्या, एकटी सावित्री कोकणात गेली. जलमार्ग क्र. ८९, बाणकोट खाडी, ४६ किलोमीटर. तोंडाशी बाणकोटचा किल्ला, समोर हरिहरेश्वर. बोट न्यायचीच तर माहेरच्या नदीत न्या.

मी गेलोय. मित्राच्या बोटीने, महाडच्या बाजूला. रात्री एका धक्क्याला बोट बांधली, भरती होती, दोर चांगला ताठ बांधला, गाठीवर गाठ. पहाटे तीनला ‘कर्र’ आवाज. उठून बघतो तर पाणी खाली गेलेलं आणि बोट एका बाजूने धक्क्याला लटकलेली, आम्ही केबिनच्या भिंतीवर झोपलेलो. दोर सोडवेना, गाठ आवळलेली. शेवटी विळीने कापला. विळी मासे कापायला आणलेली होती, मासे मिळालेच नव्हते.

अंजनवेलची_लेक
😂 धक्क्याला बांधताना दोर सैल हवा आणि लांब, पुढे-मागे दोन्हीकडे. आमच्याकडे उधाणाला पाणी पुरुषभर उंचीहून जास्त उतरतं. मुंबईला तर त्याहून जास्त.

तांदुळवाडी_एक्सप्रेस
आमचं पाणी आम्हाला परत बघायला मिळतंय हेही नसे थोडके. कोयनेचं पाणी, नदी आमची, शेत आमचं कोरडं, आणि ६७.५ टीएमसी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे. वीज करून वाशिष्ठीत सोडतात. तुम्ही ज्याच्यावर तरंगणार ते निम्मं सातारा जिल्ह्याचं आहे.

पाटणकर_पोफळी
निम्मं-बिम्मं सोडा, पण मुद्दा बोटवाल्यांच्या कामाचा आहे. वीजनिर्मिती जास्त असली की वाशिष्ठीत पाणी जास्त येतं, कमी असली की कमी. कोयना प्रकल्प मागणी वाढली की चालवायचा, त्यामुळे दिवसाभरातही फरक पडतो. म्हणून वरच्या टप्प्यात, चिपळूणजवळ, पंचांग आणि मोबाईल दोघंही थोडे चुकतात. नदीचा जोर ओहोटीला मिळाला की ओढ वाढते, भरतीला नडला की भरती उशिरा चढते. गोवळकोटच्या धक्क्यावर मगर दाखवायला बोटी नेणारी मुलं असतात, त्यांना आदल्या दिवशी फोन करा. त्यांना रोजचं माहीत असतं.

मिरजमळा
मगर बघायला चिपळूणला जायचं? भिलवडीला काठावर उभं राहा, मगरच तुम्हाला बघायला येईल.

हरिपूर_घाट
मगरीचं आईला सांगितलेलं नाही. कृपया धागा तिच्या व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.

कुपवाड_७८६
थोडं गंभीर बोलतो. २०१९ ला आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आम्ही पुरात बोटी ढकलत होतो. ब्रह्मनाळला बोट उलटली, आपल्या जिल्ह्यातल्या कुणाला ते विसरता येणार नाही. २४ फुटी बोटीत सहा माणसं म्हणजे सहा लाइफ जॅकेट, मुलाचं त्याच्या मापाचं, आणि अंगात घातलेलं, बाकाखाली ठेवलेलं नाही. मुलाला हात पाण्यात सोडून बसू देऊ नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. निघताना दाभोळला कुणाला तरी सांगून निघा, की अमक्या वेळेपर्यंत पोचलो नाही तर बघा.

हरिपूर_घाट
नंबर घेतले. जॅकेट सहा आहेत, मुलाचं वेगळं घेतो. धन्यवाद कुपवाड.

कराडचा_मेकॅनिक
बरं, पंचांगाबाबत माघार घेतो, पण इंजिनाचं मी बोलणार. ताशी ३५ ने १०० हॉर्सपॉवर तासाला ३० लिटरच्या वर पिईल. हळू, ताशी १०-११ ने गेलात तर साधारण तिसरा हिस्सा. खाडीत तसंही हळूच जायचंय. पेट्रोलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. आउटबोर्ड थंड व्हायला बाहेरचंच पाणी ओढतं, चिखलातनं गेलात तर ते तोंड बुजतं. मागे पाण्याची धार पडतेय ना, दर पंधरा मिनिटांनी बघत जा. धार थांबली की इंजिन बंद, लगेच. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश. आणि एक जादा पंखा ठेवा, माझ्याकडून फुकट सल्ला.

अंजनवेलची_लेक
@कराडचा_मेकॅनिक, हे लाख मोलाचं. त्यात एक जोडते: डोल जाळी. खाडीत खुंट रोवून ओढीच्या तोंडाला जाळी लावतात. खुंट दिसले की त्यांच्यामधून जायचं नाही, लांबून वळसा. पंख्यात जाळं गेलं तर तुमचा पंखा जाईल आणि त्या माणसाचा दिवस. दुसरं, दाभोळ-धोपावे फेरीबोट. ती गाड्या घेऊन आडवी जात असते, तिच्या पुढून जायची हौस करू नका, मागून जा.

हरिपूर_घाट
ताई, मग मुहूर्त तुम्हीच काढा.

अंजनवेलची_लेक
काढते. शुद्ध त्रयोदशीला निघा.

तेरा पाऊण पावणेदहा. दाभोळला पावणेदहाला भरती, गोवळकोटला साडेअकराच्या आसपास. सकाळी साडेसहाला उजाडताना दाभोळ सोडा. ताशी १०-११ चा वेग, त्यात पाण्याची साथ. दहा-साडेदहाला गोवळकोट. सगळी वाट पाणी चढतंय, म्हणजे कुठे टेकलात तर गप्प बसायचं, चहा करायचा, अर्ध्या तासात पाणीच उचलून देतं. आणि पौर्णिमा पुढे आहे, म्हणजे उद्याची भरती आजच्यापेक्षा मोठी. सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस असतं.

चतुर्दशीला बोट हलवू नका. चिपळूण बघा, परशुरामाचं दर्शन घ्या, आईंना आराम.

पौर्णिमेला परत. इथे लोक चुकतात. सगळ्यांना वाटतं उतरताना ओहोटी घ्यावी, फुकट ढकलते. पण ओहोटीत टेकलात की पाणी पळून जातं आणि तुम्ही पुढच्या भरतीपर्यंत चिखलात. वाट माहीत असलेल्या माणसाने ओहोटी घ्यावी, नवख्याने नाही. तुम्ही गोवळकोटहून नऊला, पाणी चढायला लागल्यावर निघा. उलट्या पाण्यात तासभर जास्त लागेल, पेट्रोल जास्त जाईल, जाऊ दे. अरुंद, उथळ भाग चढत्या पाण्यात पार होईल. पुढे रुंद खाडीत ओहोटी लागली तरी बिघडत नाही.

वाईचा_गणपुले
एक शंका. उधाणाला ओढ जोरात असते आणि सुकतीला पाणी जास्त उतरतं. नवख्यांना भांग बरा नव्हे का? ओढ कमी, चढउतार कमी.

अंजनवेलची_लेक
सर, शंका बरोबर आहे आणि वडिलांचं आणि काकांचं यावरून भांडण व्हायचं. काका भांगाचे. पण अष्टमीला सहा पाऊण... नाही, आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरती आणि दुपारपर्यंत ओहोटी. दुपारनंतर पाणी चढायला लागेपर्यंत खारा वारा सुटलेला असतो आणि पोचेपर्यंत अंधार. खाडीत अंधारात चालायचं नाही, हे दोघांनाही मान्य होतं.

मेढ्याचा_नाना
खारा वारा म्हणजे?

अंजनवेलची_लेक
दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा, रात्री जमिनीवरून जातो तो मतलई. माघ-फाल्गुनात दुपारी खारा चांगला जोर धरतो. ओहोटीचं पाणी बाहेर चाललंय आणि वारा आत येतोय, असं झालं की तोंडाशी उभ्या लाटा उठतात. पण दाभोळची जेटी तोंडाच्या आत आहे. ‘जरा समुद्र बघून येऊ’ असं साडू म्हणाले तर त्यांना भडंग द्या.

भडंगप्रेमी
शेवटी भडंगाला न्याय मिळाला.

हरिपूर_घाट
त्रयोदशी गुरुवारी येते. रजा टाकावी लागेल. साडू म्हणतात, ‘पंचांग बघून बोट चालवायची तर बैलगाडी घेतली असती.’ आईने मात्र लगेच होकार दिला, पौर्णिमेचा दिवस चांगला म्हणून. तिला भरतीचं काही सांगितलं नाही.

मुक्कामाचं: सहा जण बोटीत मावत नाहीत, दोन जण झोपतील. मी आणि साडू बोटीवर, बाकी चिपळुणात लॉजवर. नांगर टाकून राहावं की धक्क्याला? दोर १५ मीटर घेतलाय.

अंजनवेलची_लेक
१५ मीटर कपडे वाळत घालायला ठीक. सुकतीचं दोन मीटर पाणी, त्यात भरतीचे अडीच, बोटीच्या नाकाची उंची एक. साडेपाच झाले. त्याच्या पाचपट दोर लागतो, म्हणजे २७-२८ मीटर, आणि नांगराजवळ थोडी साखळी. पाणी फिरलं की बोट पूर्ण फिरते, सभोवती तेवढी मोकळी जागा हवी. पहिल्याच वेळी हे नको. धक्क्याला बांधा, परवानगी घेऊन, दोर सैल. घाटवाटदादांची विळी जवळ ठेवा.

बोट पाण्यात सोडायलाही दाभोळला भरतीच बघा. सुकतीला उताराचा खालचा भाग शेवाळलेला असतो, ट्रेलरसकट गाडी घसरते. नोंदणी, विमा, सर्व्हेचे कागद बोटीवर ठेवा, बंदर खात्याचे लोक विचारतात.

घाटवाट
विळीचा उल्लेख सतत होतोय, नोंद घेतली आहे.

हरिपूर_घाट
(पाच आठवड्यांनी)
जाऊन आलो. धागा वर आणतोय.

त्रयोदशीला पावणेसातला दाभोळ सोडलं. धुकं होतं, अर्धा तास नुसते तिवरांचे शेंडे दिसत होते. जगबुडी येऊन मिळते त्याच्या पुढे पाण्याचा रंगच बदलला. एकदा टेकलो. साडू सुकाणूवर होते, ताई म्हणाल्या तशी खुंटांना वळसा घालायला गेले आणि जास्तच वळसा घातला. अलगद, गादीवर बसल्यासारखं. साडूंनी इंजिन जोरात मागे घ्यायला घेतलं, मी म्हटलं थांबा, चहा करू. चहा उकळेपर्यंत बोट हलली. त्यानंतर साडू पंचांगाबद्दल काही बोलले नाहीत.

मगरी चार दिसल्या. पहिली मलाच लाकूड वाटली. आई म्हणाली, ‘औदुंबरला याहून मोठ्या आहेत.’ म्हणजे तिला सगळं माहीत होतं. धागा कुणी पाठवला ते सांगा.

परतीला नऊला निघालो, दीड वाजला पोचायला. उलट्या पाण्यात पेट्रोल जातानाच्या दीडपट गेलं, तिसरा भाग शिल्लकच राहिला. रात्री दोर दोनदा उठून बघितला. गाठ साडूंनी घातली होती, सुटतच नव्हती, पण दोर सैल होता म्हणून निभावलं.

मिरजमळा
मी पाठवला. आई माझ्या मावशीच्या भिशी ग्रुपमध्ये आहेत.

अंजनवेलची_लेक
चहा केलात ना, बास. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, धुक्यात निघायला नको होतं, अर्धा तास थांबले असते तरी भरती मिळाली असती. बरोबर आहे त्यांचं.

घाटवाट
सावित्रीचं कधी?